काचेपासून मागे

ज्याच्यासाठी ग्राफिक्स कार्डाची ही शोधाशोध चाललीय, त्या जुन्या मॉनिटरसमोर आज नुसते बसा. बेंगळुरूच्या एस. पी. रोडच्या बाजारात उद्याही जाता येईल. कोणतं कार्ड घ्यायचं हा विचार येईल, येऊ द्या. त्याच्यामागे मात्र लगेच धावू नका.

मॉनिटर अजून बंद आहे. पुढची जाड काच पाहा, मागचा फुगीर भाग पाहा. याच शहरात, जाळहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, एके काळी कृष्णधवल टीव्हीच्या पिक्चर ट्यूब तयार होत. टीव्हीच्या ट्यूबना लागणारी काचेची कवचं याच कंपनीच्या तळोज्याच्या कारखान्यात घडत. तुमच्यासमोरची ट्यूब रंगीत आहे, दुसऱ्या कुठल्या कारखान्यातली असेल, पण कारागिरी त्याच घराण्यातली. ती आता जवळपास थांबली आहे. शहराबाहेर दाबसपेटला ‘ई-परिसर’सारख्या ठिकाणी ई-कचरा सुटा केला जातो, तिथवर गेलेली ट्यूब परत येत नाही. म्हणून या निवडीत कार्डाला दुसरा मान आहे. पहिला मान काचेचा.

आता बटण दाबा. ‘ठण्’ असा आवाज होईल. ट्यूबमध्ये साचलेलं चुंबकत्व काढणारी कॉइल क्षणभर जागी झाली. चित्र उगवायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ त्याला द्या.

चित्र आलं, की त्याच्यामागे काय चाललंय ते डोळ्यांसमोर आणा. इलेक्ट्रॉनचे तीन झोत डावीकडून उजवीकडे जातात, झटकन परततात, पुन्हा निघतात. ६४० बाय ४८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा काढायचं, तर सेकंदाला सुमारे साडेएकतीस हजार रेषा ओढाव्या लागतात. झोत पुढे सरकला की मागचा ठिपका लगेच मावळू लागतो. हालचाल इतकी स्वच्छ का दिसते, याचं उत्तर या मावळण्यात आहे. नव्या पडद्यावर प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवलेलं असतं, म्हणून डोळा वळला की ते फरफटतं. इथे डोळ्याला फरफटायला काही उरतच नाही.

आता काचेकडून मागे, केबलकडे या. पंधरा पिनांची ही जोडणी आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर आणली. तिच्यातल्या तीन तारांवर मन स्थिर करा: लाल, हिरवी, निळी. या तारांमधून आकडे वाहत नाहीत. वाहतो तो दाब, शून्य ते ०.७ व्होल्टचा. तेवढ्या छोट्या जागेत काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंतच्या सगळ्या छटा बसवायच्या. २५६ पायऱ्या केल्या, तर एका पायरीच्या वाट्याला पावणेतीन मिलिव्होल्टही येत नाहीत. आणखी दोन तारा फक्त एवढंच सांगतात: रेघ संपली, चित्र संपलं. किती पिक्सेल आहेत हे मॉनिटरला कोणी सांगत नाही, त्यालाही ते विचारायचं नसतं. पेटीचे सूर बांधलेले असतात, तंबोऱ्याची तार मात्र गाणाऱ्याच्या पट्टीला लावून घेता येते. ही काच तशीच आपल्या मर्यादेत हव्या त्या चित्राला लागते. १९९३ चा ‘डूम’ ३२० बाय २०० चा. कार्ड त्याची प्रत्येक रेघ दोनदा पाठवतं, सेकंदाला ७० वेळा, आणि चित्र ४:३ च्या काचेवर कडेपर्यंत भरतं. पिक्सेल थोडे उभट होतात. चित्रकारांनी ते तसेच मनात धरून रंगवले होते.

इथे थोडं थांबा. कोणता खेळ पाहायचाय? जे नाव पहिल्यांदा आलं, ते राहू द्या.

ते नाव डॉस किंवा विंडोज ९८ च्या काळातलं असेल, तर सगळ्यात ताकदवान कार्डाची ओढ सोडून द्यावी लागेल. त्या जमान्याच्या मदरबोर्डला त्या जमान्याचंच कार्ड हवं, आणि एजीपीची खाच व व्होल्टेज जुळतंय हे घेण्याआधी पाहायला हवं. जीफोर्स ४ टीआय किंवा जीफोर्स एफएक्स इथे शोभतात. १९९८ च्या पीसीवरच्या ‘फायनल फँटसी ७’सारखे काही खेळ ८ बिटांच्या रंगतक्त्यावरची टेक्सचर वापरतात, जीफोर्स ६ मालिकेपासून तो आधारच निघून गेला. नवं ते इथे खरोखर उणं पडतं. वूडू २ मिळालं, तर एक आखूड केबल आधीच्या कार्डातून त्याच्यात जाते आणि तिथून मॉनिटरला. त्या वळशात चित्राची धार किंचित बोथटते. मला तो सौदा मान्य आहे. वूडू कार्डांच्या ‘ग्लाइड’ प्रणालीवरचे खेळ त्यांच्या मूळ रूपात पाहायचे, तर हा एक रस्ता आहे.

समोर मॉनिटर नसून जुना टीव्ही किंवा आर्केडची ट्यूब असेल, तर रेषा निम्म्या, सेकंदाला सुमारे पंधरा-सोळा हजार. त्यासाठी जुनं रेडिऑन कार्ड आणि ‘सीआरटी इम्युड्रायव्हर’ हा ड्रायव्हर ही जोडी बरी. आपल्याकडच्या बहुतेक टीव्हींना थेट आरजीबी घेण्याची सोय नसते, हे मात्र आधी टीव्हीच्या मागे वाकून पाहा.

आणि नवा संगणक जुन्या काचेला जोडायचा असेल, तर मन शेवटच्या दाराशी येतं. एनव्हिडियाची जीफोर्स ९०० मालिका, २०१४-१५ ची. जीटीएक्स ९८० टीआय हे तिच्यातल्या सर्वांत जोरकस कार्डांपैकी एक. २०१६ च्या जीटीएक्स १०८० पासून ॲनालॉग वाट बंद झाली; एएमडीच्या २०१३ च्या आर९ २९० वरही ती नव्हती. कार्ड हातात घेतल्याची कल्पना करा. पांढऱ्या डीव्हीआय सॉकेटमधली लांब आडवी फट शोधा. तिच्याभोवती चार बारीक छिद्रं आहेत का? ॲनालॉग सिग्नल तिथूनच बाहेर पडतो. छिद्रं नसतील, तर साधा अडॅप्टर काही करू शकत नाही.

मग डिजिटलमधून ॲनालॉग करणारा कन्व्हर्टर का नको? हवा असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. तुमची काच १०२४ बाय ७६८ ला ८५ हर्ट्झवर थांबत असेल, तर तिला ९४.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक पुरतो आणि चांगला कन्व्हर्टर ते सहज पेलतो. १६०० बाय १२०० ला ८५ हर्ट्झ हवे असतील, तर आकडा २२९.५ वर जातो. स्वस्त कन्व्हर्टर तिथे दमतात. ९०० मालिकेच्या कार्डातला रॅमडॅक, म्हणजे आकड्यांचा दाब करणारा भाग, ४०० मेगाहर्ट्झचा आहे. म्हणजे मॉनिटरची कमाल मर्यादा कळल्याशिवाय कार्डाची किंमत विचारायलाच नको. मागचा मॉडेल क्रमांक आज लिहून ठेवा. मागचं झाकण मात्र उघडू नका. बंद मॉनिटरमध्येही हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.

आता उठा. उद्या टाउन हॉलच्या बाजूने एस. पी. रोडवर शिराल तेव्हा गर्दी असेल, हॉर्न असतील, दुकानदाराला घाई असेल. कार्ड उजेडात धरा. कपॅसिटरची डोकी सपाट हवीत, फुगलेली नकोत. “अण्णा, एकदा लावून दाखवा” असं म्हणायला संकोचू नका. आपली केबल सोबत न्या. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं आणायला सांगा आणि कोपऱ्यातल्या अक्षरांच्या उजव्या कडेला फिकट सावली पडते का ते पाहा. पडली, तर केबल बदलून बघा. तरीही राहिली, तर ते कार्ड परत करून त्याच मॉडेलचं दुसरं मागा.