मडकी फोडली, पण पंचांत कोण बसलं?

गणपती किंवा ईद जवळ आली की पोलीस ठाण्यांच्या आवारात शांतता समितीच्या बैठका भरतात. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात भरतात, तशाच यावल-रावेरलाही. मिरवणूक कुठून न्यायची, वाद्यं कधी थांबवायची, बंदोबस्त कुठल्या चौकात ठेवायचा, हे तिथे ठरतं. ठरवणारे बहुतेक पुरुष असतात. वस्तीत ठिणगी पडली की मात्र पहिली हाक बायकांना जाते: पोराला घरात घ्या, शेजारणीशी बोला, नवऱ्याला आवरा. निस्तरायचं बायकांनी आणि ठरवायचं पुरुषांनी, ही वाटणी जोवर मोडत नाही तोवर सक्षमीकरणाचा कुठलाही प्रकल्प निधी संपेपर्यंतच जगतो.

खानदेशाने हे एकदा फार जवळून पाहिलं आहे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. 1972 च्या दुष्काळाच्या काळात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि शहरांतून आलेले तरुण कार्यकर्ते यांच्या श्रमिक संघटनेमागे आदिवासी शेतमजूर उभे राहिले. मागण्या होत्या मजुरीच्या आणि हातातून गेलेल्या जमिनींच्या. पण शिबिरांत बायका बोलायला लागल्या, तेव्हा दारू आणि मार यांची गोष्ट पुढे आली. मग त्या जमावाने गुत्त्यांवर गेल्या, दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत तिची माफी मागायला लावली. घराच्या चार भिंतींतली हिंसा हा गावाचा प्रश्न आहे, हे त्यांनी कुणा तज्ज्ञाच्या आधी सांगितलं. संघर्ष आणि शांतता यांत महिलांचा सहभाग हवा असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा 1325 क्रमांकाचा ठराव आला तो 2000 साली!

अभ्यासक अमृता बसू यांनी 1992 च्या पुस्तकात धुळे जिल्ह्यातल्या या चळवळीची तुलना पश्चिम बंगालशी केली. डाव्यांची सत्ता बंगालमध्ये होती, पण बायकांचे स्वतःचे प्रश्न जास्त जोराने पुढे आले ते इथे. मात्र जमाव घरी परतला की गुत्ता पुन्हा लागू शकतो, आणि जातपंचायतीत बसायचे ते पुरुषच. महिलांच्या मतदानाने गावातलं दारूचं दुकान बंद करण्याची सोय सरकारने पुढे केली. दुकान बंद करण्याच्या मताची खूण असलेली ‘आडवी बाटली’ घराघरांत पोचली ती त्यातूनच. पण ही सोय परवानाधारक दुकानालाच लागू पडते. हातभट्टीशी बायकांना आजही स्वतःच भिडावं लागतं.

15 ऑगस्ट 2007 ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे किती तरी वाद गावातच मिटले, कोर्टाच्या खेपा वाचल्या. हे मोलाचंच आहे. पण नवरा-बायकोचं भांडण गावच्या तंटामुक्ती समितीपुढे आलं की ‘मिटलं’ याचा अर्थ बहुधा ‘ती नांदायला परत गेली’ असाच घेतला जातो. दारात पुन्हा मार बसला तर तो कुठल्या वहीत लिहायचा? तंट्यांची संख्या घटवणाऱ्या गावाला बक्षीस असेल, तर तक्रार करणारी बाई गावाला नकोशी होण्याचा धोका उघड आहे.

चोपडा तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, वाट थोडी वेगळी दिसते. इथे पावरा, बारेला, तडवी वस्त्या आहेत. तडवी भिल्ल तर आदिवासीही आणि मुसलमानही; दोन बाजूंत सरळ रेघ ओढू पाहणाऱ्याची तिथेच पंचाईत होते. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश महिला लागतात. नियमांतल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर तर ग्रामसभेच्या गणपूर्तीतही हजर असणाऱ्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. बायका आल्या नाहीत तर दाव्यावर ठरावच होत नाही. हजेरीच्या वहीवरचा तिचा अंगठा इथे शोभेचा राहत नाही, त्याच्यावाचून पुरुषांचंही काम अडतं. तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, लागू आहे. रूढीनुसार तंटे मिटवण्याचा आणि दारूवर नियंत्रण ठेवण्याचा विषय त्या कायद्याने ग्रामसभेकडे दिला. शहाद्याच्या बायकांनी रस्त्यावर जे मागितलं, ते इथे निदान कागदावर सभेच्या हातात आहे.

कागदापासून सभेपर्यंतचं अंतर मजुरीचं आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत किलोमागे पैसे मिळतात. दुपारच्या बैठकीला आलेली बाई त्या दिवसाचं पोट बुडवून येते. प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणाचं जेवण असतं, फलक असतो, तिची बुडालेली मजुरी नसते. ती घालायला हवी, आणि बैठक तिच्या सोयीच्या वेळी, तिच्या पाड्यावर घ्यायला हवी. महिला आर्थिक विकास महामंडळाने ‘तेजस्विनी’ कार्यक्रमात बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रं उभी केली, ती बायकांनी स्वतः चालवायची म्हणून. बाहेरचा पैसा आटला तरी बैठक चालू ठेवणारी अशी स्वतःची संस्था असली, तर शांततेच्या कामालाही बूड मिळतं.

खुर्ची मिळाली तरी ती टिकवणं ही वेगळीच लढाई आहे. याच जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्यात 2021 मध्ये एक महिला सरपंच झाली. ती सरकारी जागेवरच्या घरात राहते, या तक्रारीवरून जिल्हाधिकाऱ्यांनी तिला अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांकडे आणि उच्च न्यायालयातही तिला दाद मिळाली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं पद कायम केलं आणि स्पष्ट म्हटलं, की बाईने आपल्या वतीने निर्णय घ्यावेत हे गावकऱ्यांना पचलं नाही. तोवर पाच वर्षांच्या मुदतीतली साडेतीन वर्षं सरून गेली होती.