पाहण्याचा अधिकार

एखाद्या वस्तूस हात लावला तर ती मलिन होईल; पण नुसते पाहिल्याने तिचे काय बिघडणार, असे आपण समजतो. आमचीही समजूत तशीच होती. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्याने एका उन्हाळ्यात आम्ही जलप्रवास केला, तेव्हा ती ढळली.

जहाज ग्लेशियर बे नामक खाडीत शिरले. दोन्ही अंगांस उभे डोंगर, पाण्यावर तरंगणारे हिमखंड, आणि टोकाला समुद्रात उतरलेली हिमनदीची भिंत. तिचा कडा कोसळे आणि मेघगर्जनेसारखा ध्वनी मागाहून कानी येई. कठड्याशी दाटलेले प्रवासी टाळ्या वाजवीत, आम्हीही वाजविल्या.

जहाजावर चढलेल्या हूना वंशाच्या एका बाईंनी मग त्या भूमीची हकीकत सांगितली. हूना हे त्लिंगिट जमातीचे लोक. त्यांची वस्ती येथेच होती. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली आणि त्यांना घरे सोडावी लागली. १७९४ साली व्हँकूव्हरच्या नाविकांना येथे बहुतेक बर्फच दिसला; १९१६ पर्यंत तो सुमारे ६० मैल मागे हटला होता. बर्फ ओसरला तसे हूना लोक मासेमारीस व कुरव पक्ष्यांची अंडी वेचण्यास परतू लागले. पुढे १९२५ साली सरकारने ही भूमी राष्ट्रीय स्मारक म्हणून राखली, १९८० साली ती राष्ट्रीय उद्यान झाली. आणि अंडी वेचणे निषिद्ध ठरले. त्यांची रीत अशी, की घरट्यात तीन अंडी असतील तर ती उबवणीस लागली असे मानून सोडावीत. एक-दोन असतील तरच घ्यावीत, कारण पक्षीण पुन्हा घालते. इतक्या विवेकाने घेणाऱ्यास मज्जाव, आणि धूर सोडीत येणाऱ्या आम्हांस परवाना! २०१४ साली नव्या कायद्याने हा निर्बंध सैल झाला. २०१६ साली तीरावर त्यांचे पूर्वजगृह उभे राहिले.

तो जुना कायदा दुष्ट नव्हता. पक्षी वाचावेत हाच त्याचा हेतू होता. परंतु लुटारू व वारस यांना तो एकाच मापाने मोजीत होता. आमच्या व्यवसायात हे नित्य दिसते: परवाना कागदावर मिळतो, अधिकार आचरणाने मिळवावा लागतो.

आमच्या वाचकांना हे दुःख परके नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या भयाने आपल्या पूर्वजांनी देव नदीपार अंत्रुजात नेले. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळीस राहिले. त्या जागी कोणी केवळ मौजेखातर उभा राहिला, तर आपल्याला काय वाटेल?

म्हणून तेथे जाऊच नये काय? आम्हांस तसे वाटत नाही. देवळात आपण पाहावयास जात नाही, दर्शनास जातो. पाय धुतो, रांगेत थांबतो, गर्भगृहाच्या उंबरठ्याशी अडतो. ही बंधने दर्शनाला उणेपणा आणीत नाहीत. तीच त्याला पावित्र्य देतात. त्या खाडीत दिवसाला दोनच मोठी प्रवासी जहाजे सोडतात. जूनो शहराने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा ठरविली. हेही उंबरठेच होत. पण बाहेरचा उंबरठा सरकार घालील. आतला ज्याचा त्यानेच घालावयाचा असतो. भूमी कोणाची हे जाणावे, कमी घ्यावे, आणि तिसऱ्या अंड्याला हात लावू नये.

परतताना कडा पुन्हा कोसळला. आमचे हात टाळीसाठी उचलले गेले नाहीत. ते नकळत जुळले.