साक्षीची किंमत

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या शिरगावात लईराई देवीच्या जत्रेला हजारो धोंड, म्हणजे देवीचं व्रत घेतलेले भाविक, निखाऱ्यांवरून चालत जातात. आधी काही दिवस सोवळं पाळायचं, तळीवर स्नान करायचं, एकत्र राहून शाकाहारी जेवायचं, आणि मग वैशाख शुद्ध पंचमीची रात्र सरताना वेताची काठी घेऊन होमकुंड ओलांडायचं. हा त्रास कोणी अंगावर घ्यावा, हे तिथे व्रत ठरवतं. त्याच गोव्यात 2019 मध्ये पणजीला ‘आयर्नमन 70.3’ ही शर्यत पहिल्यांदा झाली: 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि वर 21.1 किलोमीटर धावणं. तिचं प्रवेशशुल्कच एका साध्या सायकलीच्या किमतीहून अधिक असतं. पुण्याहून गोव्यापर्यंतची सुमारे 640 किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही सायकल शर्यत एकट्याने करायची, तरी मागे सोबतीची गाडी आणि माणसं लागतात. दक्षिण आफ्रिकेत 2004 पासून होणारी ‘केप एपिक’ ही आठ दिवसांची माउंटन बाईक शर्यत जोडीने करावी लागते, आणि तिथे जोडीचं शुल्कच लाखो रुपयांत जातं. स्वेच्छेने कष्ट सोसण्याची ओढ माणसात फार जुनी आहे आणि ती मुळात धार्मिक आहे, असं मी मानतो. तिच्या दारात एवढी रक्कम मागितली गेली, तर त्या कष्टाचं काय होतं?

कष्ट स्वतः विकत मिळत नाहीत, हे आधी मान्य केलं पाहिजे. श्रीमंताच्या मांडीतही गोळे येतात, आणि चढ कुणाची पावती पाहून कमी होत नाही. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या सड्यावर तापलेल्या जांभ्यावरून सायकल हाकायला कुणालाही पैसे मोजावे लागत नाहीत. मग शुल्काच्या बदल्यात मिळतं ते काय? पाणी, रुग्णवाहिका, वाट दाखवणाऱ्या खुणा, हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट मिळते ती साक्ष: वेळ मोजणारी चिप, अंतिम रेषेवरचं नाव, क्रमांक, पदक. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्कार आणि मान मिळावा म्हणून केलेलं तप तिथे राजस ठरतं, चंचल आणि न टिकणारं. तरीही साक्षीची इच्छा मला हीन वाटत नाही. धोंडालाही देवीची आणि गावाची साक्ष हवीच असते. फरक एवढाच, की ती त्याला व्रताच्या बळावर मिळते. शर्यतीत मात्र ‘सर्वांत चिवट कोण’ हा निवाडा फक्त पैसे भरू शकणाऱ्यांमध्ये होतो आणि जाहीर होतो तो सगळ्यांच्या नावाने. माझा आक्षेप या खोटेपणावर आहे.

यावर म्हटलं जाईल की हा हौसेचा खेळ आहे, अन्नवस्त्राचा प्रश्न नाही. ज्याला परवडेल त्याने खेळावं. पण मोटारीची शर्यत आणि ही शर्यत यांत भेद आहे. इथे जे मिरवलं जातं ते यंत्र नव्हे, माणसाचं धैर्य. शिवाय ते मिरवलं जातं गावांच्या पायवाटांवर, गुरं चारणाऱ्यांनी आणि खाणीच्या ट्रकांनी रुळवलेल्या रस्त्यांवर. ज्यांची वाट, त्यांनी कडेला उभं राहून फक्त टाळ्या वाजवाव्यात, हे मला पटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सुरक्षितता फुकट येत नाही. मे 2025 मध्ये शिरगावच्याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले, तेव्हा श्रद्धेच्या जागीही नियोजन आणि खर्च लागतो हे फार कठोरपणे समोर आलं. म्हणून रुग्णवाहिकेचा, विम्याचा, स्वयंसेवकांच्या जेवणाचा वाटा प्रत्येकाने द्यावा, हे न्याय्यच आहे. चित्रीकरण, झगमगते मंच आणि नावाचा परवाना यांचा भार मात्र त्याच पावतीत मिसळू नये. ज्याला ते हवं, त्याने त्याचे वेगळे पैसे द्यावेत.

उरतो तो गांभीर्याचा मुद्दा. शुल्क कमी केलं तर हौशेगवशे गर्दी करतील आणि तयारी नसलेले डोंगरात अडकतील, असं आयोजक म्हणतात. भीती खरी आहे, पण पैशाने गाळणी लावली तर तयारी नसलेला श्रीमंत आत येतो आणि तयार असलेला गरीब बाहेर राहतो. गाळणी कष्टाचीच असावी. 1891 मध्ये सुरू झालेल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या 1200 किलोमीटरच्या सायकलफेरीला, ती ज्या वर्षी असेल त्याच वर्षी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या फेऱ्या वेळेत पुऱ्या केलेल्यांनाच जाता येतं. अशा पात्रता फेऱ्या भारतातही होतात. त्यांना शुल्क बेताचं असतं, सोबतीला गाडी लागत नाही, आणि साक्षीला टप्प्याटप्प्यावर शिक्का मारलेलं एक कार्ड पुरतं. उत्तर अमेरिकेतली ‘टूर डिव्हाइड’ ही सायकल शर्यत तर सुमारे 4,400 किलोमीटरची असून तिला प्रवेशशुल्क नाही आणि बक्षीसही नाही. तेव्हा पेडणे-डिचोलीच्या सड्यांवर उद्या कुणी लांब पल्ल्याची शर्यत आखली, तर तिच्या आधी पावसाळा संपल्यावर दोन-तीन पात्रता फेऱ्या ठेवाव्यात, आणि त्या पार करणाऱ्या स्थानिक मुलामुलींकडून मुख्य शर्यतीचा एक पैसाही घेऊ नये.