डबल बेल

पहाटेचे साडेतीन. आईच्या उशाशी ठेवलेली छोटी घंटी दोनदा वाजते, तिला जाग येईल आणि आतल्या खोलीत पोचणार नाही इतक्याच आवाजात. नानांनी पलंगावरून पाय खाली ठेवले आहेत. आई उठते, केसांची गाठ मारते आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर चहाचं आधण ठेवते. नाना सदऱ्याची बटणं लावत बाहेर येतात तेव्हा ती म्हणते, "अहो, पहिली गाडी आज लेट आहे. चहा घेऊन निघा." नाना खुर्चीत बसतात.

नाना एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. पहिल्या फेरीसाठी साडेतीनला उठायची सवय निवृत्तीनंतरही टिकली. चार वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमरचं निदान झालं. नव्या आठवणी रुजवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाला हा आजार सुरुवातीलाच गाठतो. त्यामुळे सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण शरीरात मुरलेली ड्युटी पहाटे न चुकता हाक मारते.

दीड वर्षापूर्वी एका पहाटे नाना दार उघडून निघून गेले. दिवसभराच्या थकव्याने आईला गाढ झोप लागली होती. आम्ही साडेतीन तास शोधत होतो. स्वारगेटच्या स्थानकाबाहेर एका चहावाल्याने त्यांना बाकावर बसवून चहा दिला होता. ते पुन्हा पुन्हा गाडीचा नंबर विचारत होते, यावरून त्याला काय ते समजलं. 'अस्तु' या २०१३च्या मराठी चित्रपटातले शास्त्री हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताची बायको त्यांना आईच्या मायेने सांभाळते. तो चित्रपट पाहताना मी रडले होते. त्या सकाळी चहावाल्यासमोर मला नुसते हात जोडता आले.

त्या दिवसानंतर आई झोपेनाशी झाली. नानांनी कूस बदलली तरी ती उठून बसायची. तीन महिन्यांत तिचं वजन उतरलं, रक्तदाब चढला. डॉक्टर म्हणाले, आता तुम्हाला दोन पेशंट सांभाळायचे आहेत. परदेशातल्या माझ्या भावाने घाईघाईने कॅमेरे मागवले. एक दारावर लागला, एक बैठकीत आणि एक नानांच्या खोलीत. त्याच्या मनात काळजीच होती. तो तिकडून फोनवर पाहायचा आणि फोन करायचा: "आई, नाना पंख्याखाली का बसलेत? तू इतका वेळ कुठे होतीस?" एकट्या बाईने रात्रंदिवस केलेली सेवा हळूहळू तपासणीखाली आली. स्वतःच्या घरात आई पदर सावरून वावरू लागली.

नानांना तर भिंतीवरचा तो लाल ठिपका तपासनीस वाटू लागला. मार्गात मध्येच गाडी थांबवून तिकिटं आणि रोकड तपासणारं पथक त्यांनी जन्मभर पाहिलेलं. रात्री ते पलंगावर बसून हाताला लागतील ते कागद मोजायचे, हिशेब जुळत नाही म्हणून घामाघूम व्हायचे. ज्या माणसाच्या वेबिलात कधी चार आण्यांची तफावत निघाली नाही, त्याला आम्ही म्हातारपणी चोरासारखं बसवलं होतं. आजार कोवळा असताना, त्यांना समजत होतं तेव्हा, "नाना, असं काही लावलं तर चालेल का?" हे आम्ही विचारायला हवं होतं. ते राहून गेलं आणि त्याची टोचणी माझ्या मनात आहे.

आम्ही घरातले कॅमेरे काढले. गादीखाली दाबाचा सेन्सर असलेली पातळ चटई घातली. अंगाचा भार उठला की घंटी वाजते. मुख्य दाराला चुंबकाचा सेन्सर बसवला; एक तुकडा चौकटीवर, एक फळीवर, दोन्ही दुरावले की घंटी. या वस्तूंना डोळे नाहीत. नाना कसे दिसतात, काय बोलतात, कुठे चुकतात, यातलं काहीच त्यांना कळत नाही. नाना उठले, दार उघडलं, एवढं सांगून त्या गप्प होतात. घंटी मुद्दाम बॅटरीवर चालणारी घेतली, कारण वीज गेली की वायफाय जातं आणि फोनवरचा इशारा नेमका नको तेव्हा मुका होतो.

अमेरिकेतल्या केनेथ शिनोझुका या पंधरा वर्षांच्या मुलाने २०१४ साली अशाच गरजेतून मोज्याच्या तळव्याला लावायचा सेन्सर तयार केला होता. त्याचे अल्झायमर झालेले आजोबा रात्री उठून चालू लागत आणि त्यांची देखभाल करणाऱ्या नातेवाईक बाईची झोप उडाली होती. आजोबांचा पाय जमिनीवर टेकला की तिच्या फोनवर सूचना जाई. ते वाचताना मला आईच आठवली. त्या मुलाला आजोबा सुखरूप हवे होते आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाईच्या डोळ्याला डोळा लागावा, हेही त्याला कळलं होतं.

घंटी आली त्या रात्री आई सलग साडेपाच तास झोपली. सकाळी तिचा चेहरा पाहून मला नानांनीच लहानपणी सांगितलेली गोष्ट आठवली. मी विचारलं होतं, ड्रायव्हरकाका मागे वळून का पाहत नाहीत? नाना म्हणाले होते, "मी मागे आहे ना! सिंगल बेल दिली की थांबायचं, डबल बेल दिली की निघायचं. त्यांनी रस्ता पाहायचा." ड्रायव्हर सतत मागेच पाहत राहिला तर गाडी चालणार कशी? आई वर्षभर मागे वळून पाहत घर चालवत होती.

आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने मांडला. यांतली बहुतेक माणसं घरीच असतात आणि त्यांच्यामागे एक बायको, एक सून, एक मुलगा अर्धवट जागा असतो. अशा घरी यंत्र आणायचं असेल, तर ते कोणाला काय दाखवतं एवढ्यावर थांबू नये. त्याने कोणाची झोप परत येते आणि कोणाची लाज जाते, हे आधी पाहावं.

जीपीएसचं घड्याळ नानांनी दोनदा काढून फेकलं. पण कंडक्टरचा पितळी बिल्ला छातीवर लावल्याशिवाय ते आजही दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. म्हणून बिल्ल्याच्या मागे आम्ही आमचा फोन नंबर कोरून घेतला. तो वाचायला रस्त्यावर कुणी चहावाला लागेलच. ते काम यंत्राच्या हातचं नाही.

घंटीने आम्हाला दिली आहेत ती दोन मिनिटं, नाना पलंगावरून उठल्यापासून दाराशी पोचेपर्यंतची. पूर्वी आई दारात त्यांना गाठून ओरडायची, "अहो, रिटायर झालात तुम्ही!" आणि ते कळवळून भांडायचे. आता त्या दोन मिनिटांत ती चहा ठेवते, स्वतःला सावरते, आवाज मऊ करते.

कधी कधी चहा पिऊनही नाना उठतातच. मग आई चपला घालते आणि त्यांच्यासोबत जिना उतरते. उजाडायला अजून अवकाश असतो. सोसायटीच्या फाटकाशी नाना थांबतात, मागे पाहतात, सगळे चढले का याची खात्री करतात. आई त्यांचा हात धरून म्हणते, "चढले सगळे. द्या डबल बेल." आणि दोघं कोपऱ्यापर्यंतची पहिली फेरी करून घरी येतात.