त्याचं करणार कोण?

मार्चमध्ये परीक्षा संपत आल्या की बेळगाव-निपाणीकडच्या बऱ्याच घरांत एकच हट्ट सुरू होतो : कुत्रं आणायचं. आई-वडील चार दिवस टाळतात, मग तडजोड निघते, "बरं, पण लहान जातीचं." लहान म्हणजे फ्लॅटमध्ये मावेल, कमी खाईल, पाहुण्यांवर धावून जाणार नाही, असा सगळ्यांचा समज. पग, शित्झू, ल्हासा, पामेरियन अशी नावं निघतात, कोल्हापूर-पुण्याहून पिल्लांचे फोटो व्हॉट्सॲपवर येऊ लागतात आणि बघता बघता चर्चा रंगावर येऊन ठेपते.

निपाणीतल्या अशाच एका ओळखीच्या घरी सातवीतल्या मुलीने मला विचारलं, "काका, तुम्हीच सांगा, पग बरा की शित्झू?" मी बोलायच्या आत तिची आजी म्हणाली, "आणा की, खरं त्याचं करणार कोण?"

आजींचा प्रश्न पुढच्या बारा-पंधरा वर्षांचा होता. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. हे पिल्लू इतकं गोंडस दिसावं म्हणून त्याच्या शरीराचं काय केलं गेलं आहे?

पगचंच घ्या. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीची जाहिरात टीव्हीवर आली. लहान मुलगा जाईल तिथे एक पग त्याच्या मागोमाग जातो, एवढीच तिची गोष्ट. चिका नावाच्या त्या पगने देशभर मनं जिंकली. त्याआधी आपल्याकडे फारसा कुणी न पाहिलेला हा कुत्रा काही वर्षांत तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. मागणी वाढली की पिल्लं काढणारे उभे राहतातच, आणि घाईने पिल्लं काढणाऱ्याला नर-मादीच्या नात्यागोत्याचा विचार परवडत नाही.

आता तो पग जवळून पाहा. तोंड चपटं, म्हणजे कवटीचं हाड आखूड झालं आहे. पण आतलं मांस त्या प्रमाणात घटलेलं नाही. टाळूचा मऊ भाग मागे घशात लोंबतो, जीभ तोंडाच्या मानाने जाड, आणि नाकपुड्या म्हणजे दोन बारीक उभ्या चिरा. तो झोपेत घोरतो, आपण हसून व्हिडिओ काढतो. ती घरघर म्हणजे एका श्वासासाठी चाललेली ओढाताण असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. ज्याची हवेची वाटच अरुंद, त्याने एप्रिल-मेच्या दुपारी काय करायचं? बेळगावला आपण गरिबांचं महाबळेश्वर म्हणतो खरे, पण तिथेही उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसलेला माणूस कासावीस होतो. निपाणी-चिकोडीकडे तर ऊन आणखी भाजतं. खोबणीतून पुढे आलेले पगचे डोळे साध्या धडकेनेही दुखावतात. चेहऱ्याच्या घड्यांत ओल साचून कातडी चिघळते, म्हणून पावसाळ्यात त्या रोज पुसून कोरड्या कराव्या लागतात. शित्झूही चपट्या तोंडाचाच. डॅशहंडचं दुखणं वेगळं : पाठ लांब आणि पाय आखूड, त्यामुळे मणक्यातली चकती सरकण्याचा धोका, आणि ती सरकली तर मागचे पाय कायमचे जाऊ शकतात.

हे काही अपघाताने झालेलं नाही. माणसाला तान्ह्या बाळासारखा गोल चेहरा आवडतो, म्हणून पिढ्यान् पिढ्या त्याच चेहऱ्याच्या कुत्र्यांची जोडी लावली गेली. आपल्या आवडीची किंमत तो कुत्रा श्वासागणिक मोजतो. मला हा अन्याय वाटतो आणि तो सौम्य शब्दांत सांगावा असं मला वाटत नाही. ज्यांच्या घरी आज पग आहे त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी त्याला सडपातळ ठेवावं, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीला बसणारा पट्टा वापरावा, ऊन चढायच्या आत फिरवून आणावं आणि जीव लावावा. पण नवं पिल्लू पैसे देऊन आणणारा माणूस पुढच्या वेताची मागणी नोंदवत असतो. ती आपण नोंदवायची का, एवढंच मी विचारतो.

कायद्याकडे पाहिलं की आपली नजर कुठे असते ते कळतं. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 हिंस्र जातींचे कुत्रे पाळण्यावर आणि विकण्यावर बंदी आणण्याबाबत राज्यांना परिपत्रक काढलं. देशभर चर्चा झाली आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. माणसाला धोकादायक ठरणाऱ्या कुत्र्यांची चिंता आपल्याला लगेच समजते. ज्या जातीला तिचं स्वतःचंच शरीर धोक्याचं आहे, तिच्याबद्दल मात्र आपल्याकडे अशी चर्चा होत नाही. नेदरलँड्समध्ये 2019 पासून ज्याच्या नाका-तोंडाचा भाग कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा आखूड आहे, अशा कुत्र्याची पैदास करता येत नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या लाडक्या छोट्या जातीची तिथली पैदास बेकायदा ठरवली, कारण मेंदूला कवटीत जागा अपुरी पडणं आणि हृदयाचे विकार ही त्या जातीची नेहमीची दुखणी आहेत. आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम 2017 मध्ये आले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, अठरा महिन्यांच्या आतल्या मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत, पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. पिल्लू आणायला निघालेल्यांपैकी किती जण विक्रेत्याकडे हा नोंदणीचा कागद मागतात? आणि जनावराला उपाशी-तहानलेलं सोडून देण्याबद्दल 1960 च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो 10 ते 50 रुपये. एवढ्याशा धाकाने कोण थांबणार? थांबवायचं ते ज्याचं त्याने स्वतःला.

मग लहान कुत्रं पाळूच नये का? तसं मी म्हणत नाही. ज्याला आपण सर्रास पामेरियन म्हणत आलो, तो पांढरा, टोकदार तोंडाचा, झुपकेदार शेपटीचा कुत्रा बहुतेक ठिकाणी इंडियन स्पिट्झ असतो. 'हम आपके हैं कौन'मधला टफी तोच. या जातीच्या लहान चणीच्या कुत्र्याचं वजन पाच ते सात किलो. नाक लांब असल्यामुळे श्वास मोकळा, आणि कित्येक पिढ्या इथेच वाढल्याने आपली हवा त्याच्या अंगवळणी पडलेली. घंटा वाजली, जिन्यात पाऊल वाजलं की तो भुंकणार, हे मात्र आधी शेजाऱ्यांना विचारात घेऊन ठरवावं. आणि उन्हाळ्यात कीव येऊन त्याचे केस मुळापासून कातरू नयेत. ते दुहेरी केस उन्हापासून त्याचं रक्षणही करतात, आणि एकदा कातरले की पुन्हा नीट येतीलच असं नाही.

देशी जातीचा अभिमान म्हणून कुणी मुधोळ सुचवतात. मुधोळ आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, घोरपड्यांच्या संस्थानाने जपलेलं वाण. 2005 मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं. अभिमान रास्तच आहे. पण दोन फुटांहून उंच, शिकारीच्या मागे धावण्यासाठीच घडलेलं ते जनावर बेळगावातल्या टिळकवाडीच्या दोन खोल्यांत बांधून ठेवणं हाही जाचच. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगराकडे ते शोभतं, कारण तिथे त्याला काम आहे.

गावठी पिल्लाचं नाव काढलं की घरात सगळे गप्प होतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दर पौर्णिमेला निपाणीहून नृसिंहवाडीला जाणारी माणसं आहेत, त्यांच्या देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री उभी असतात. मंगसुळीच्या खंडोबाला नवस बोलणारी घरं आहेत, आणि खंडोबाच्या सोबतही कुत्रा असतोच. देवापाशी ज्याला आपण जागा दिली, त्याला सोसायटीच्या फाटकातून आत घ्यायला आपल्याला कमीपणा वाटतो. गावठी कुत्रं मध्यम चणीचं होतं, मांडीवर मावत नाही, हे कबूल. पण श्वास मोकळा, पाठ मजबूत, आणि गल्लीतल्या वेतातलं असेल तर त्याची आई आपल्या डोळ्यांसमोर असते. फोटो पाहून मागवलेलं पिल्लू खोक्यात घालून रात्रीच्या खासगी बसने येतं, त्याची आई कुठल्या पिंजऱ्यात आहे याचा पत्ता नसतो.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. आज सातवीत असलेली मुलगी पाच-सहा वर्षांत शिकायला पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जाणार. सीमाभागातल्या किती घरांत आज म्हातारे आई-वडीलच उरलेत, हे आपण पाहतोच. कुत्रं आठ वर्षांचं होईल तेव्हा त्याला औषध देणारे, गोचिडं काढणारे, गोचीड-तापात सलाइनसाठी दवाखान्यात नेणारे हात साठीकडे झुकलेले असतील. या दृष्टीने लहान कुत्र्याला माझा कौल आहे, कारण सहा किलोचा जीव उचलून जिना उतरता येतो. पण लहान कुत्र्याला माणसाची सोबत कमी लागते, हा समज खोटा. दिवसभर कुलूपबंद घरात ते एकटं राहिलं तर तेही कुढतं, दार ओरबाडतं, भुंकत राहतं. त्याच्या दातांत दाटी असते म्हणून लवकर कीट धरतं, ते घासून द्यावे लागतात. फिरायला तेही रोज न्यावंच लागतं.

त्या घरी मी दोन गोष्टी सांगून आलो. पिल्लू बघण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना भेटा. लसी, रेबीजचं इंजेक्शन आणि नसबंदी यांचा वर्षाचा खर्च त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि जी जात मनात आहे तिचे रोगी त्यांच्याकडे कशासाठी येतात तेही विचारा. दुसरं, सुट्टीत आणू नका. मे महिन्यात सगळे घरी असतात, तेव्हा त्याचं कोण करणार हे कळतच नाही. शाळा सुरू होऊ दे, डबे-रिक्षा-ट्यूशनचं खरं वेळापत्रक लागू दे. जुलैच्या झडीत पंधरा दिवस रोज सकाळी सहाला मुलीने आणि वडिलांनी रेनकोट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन यावं, कुत्र्याशिवायच. पंधरा दिवसांनंतरही दोघं आनंदाने जात असतील, तर मला फोन करा. आमच्या गल्लीतल्या कुत्रीची पिल्लं दाखवायला मी स्वतः येईन.