प्रतिभेची शंका

स्वयंपाक शिकूं लागलेली मुलगी पहिली पोळी वातड झाली म्हणून ‘आपल्या अंगीं पाककलेची दैवी देणगी नाहीं’ असा शोक करीत बसत नाहीं. हिशेब शिकणारा कारकून बेरीज चुकली तर पुन्हां करतो. आपण अंकशास्त्रासाठीं जन्मलों कीं नाहीं याची चौकशी तो करीत नाहीं. परंतु त्याच घरांतील एखादा सुशिक्षित माणूस संगणकापुढें बसून निमंत्रणपत्र मांडावयास शिकूं लागला, कीं तासाभरांत त्याच्या तोंडून वाक्य निघतें : ‘हें आपलें काम नव्हे. आपल्या अंगीं कल्पकताच नाहीं.’ पोळी आणि बेरीज यांच्या बाबतींत जो धीर आपण धरतों, तो रेषा, रंग व अक्षरें यांच्या बाबतींत कां सुटतो, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं.

हल्लीं ज्याला सर्वत्र ‘ग्राफिक डिझाइन’ म्हणतात ती विद्या म्हणजे अक्षरें, चित्रें आणि मोकळी जागा यांची एखाद्या हेतूनें केलेली मांडणी. पूर्वीं ती छापखान्यांतील खिळे जुळविणाऱ्याच्या आणि व्यवसायी चित्रकाराच्या हातीं होती. संगणकानें ती घरोघरीं आणून सोडली आहे. वाचनालयाची व्याख्यानमाला, रक्तदानाचें शिबिर, घरीं घातलेल्या लोणच्याच्या बरणीवरील चिठ्ठी, सोसायटींतील पाण्याची सूचना, हें सर्व आतां पुष्कळदां आपणच मांडावयाचें असतें. या विद्येचे पहिले धडे अगदीं साधे आहेत. सांगावयाच्या गोष्टींपैकीं मुख्य कोणती तें ठरवावें व ती मोठी करावी. एकमेकांशीं संबंध असलेला मजकूर जवळ ठेवावा, नसलेला दूर. ओळ इतकी लांब करूं नये कीं परत फिरतांना डोळा चुकेल. देवनागरींत शिरोरेषेवर रफार, मात्रा, वेलांट्या आणि खालीं उकार येतात, म्हणून दोन ओळींत रोमन लिपीपेक्षां अधिक अंतर सोडावें लागतें. इंग्रजी मजकुरासाठीं ठरविलेलें अंतर तसेंच ठेवून मराठी मजकूर भरला, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. हें कळण्यास एक दुपार पुरते. त्यांत प्रतिभेला विचारण्यासारखें कांहींच नाहीं. तरीहि शंका येते ती नेमकी याच टप्प्यावर.

ती कोठून येते? एक कारण उघड आहे. आपण दुसऱ्याचें तयार काम पाहतों. त्यासाठीं फाडलेले कागद पाहत नाहीं. परंतु याहून खोल कारण समजण्यास राजशेखरानें ‘काव्यमीमांसा’ ग्रंथांत केलेला एक भेद उपयोगीं पडतो. प्रतिभा दोन प्रकारची : एक कारयित्री, जी निर्मिति करते, दुसरी भावयित्री, जी निर्मितीचें मर्म जाणते. त्यानें हा भेद कवि आणि रसिक यांच्यासंबंधानें केला. पण एकाच माणसाच्या ठिकाणीं या दोन शक्ति सारख्या वेगानें वाढत नाहींत, हें कोणत्याहि कलेच्या विद्यार्थ्याला अनुभवानें कळतें. वीस-तीस वर्षें दिवाळी अंकांचीं मुखपृष्ठें, नाटकांच्या जाहिराती, पुस्तकांचीं वेष्टनें पाहून पाहून सुशिक्षित घरांतील डोळा तयार झालेला असतो. दीनानाथ दलालांचें मुखपृष्ठ किंवा कमल शेडगे यांनीं रेखाटलेलें नाटकाचें नांव चांगलें कां, हें त्याला सांगतां आलें नाहीं तरी तें चांगलें आहे हें त्याला दिसतें. हात मात्र काल शिकूं लागलेला असतो. तयार डोळा नवशिक्या हाताकडे पाहतो आणि निकाल देतो. निकाल खोटा नसतो. काम खरोखरच बेताचें असतें. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘हें काम बेताचें आहे’ या खऱ्या वाक्यावरून ‘मी यासाठीं अपात्र आहें’ असें अनुमान काढलें जातें, आणि येथें व्याप्तीच नाहीं हें न्यायशास्त्राच्या कोणत्याहि विद्यार्थ्याला दिसेल. ज्याला स्वतःच्या पहिल्या कामांत कांहींच खटकत नाहीं, त्याची मला अधिक काळजी वाटते.

‘मला जमणार नाहीं’ हें वाक्य विनयाचें वाटतें. परंतु त्यांत व्याख्यान नाहीं, श्रोता नाहीं, सूचना वाचणारा शेजारी नाहीं. आहे तो केवळ ‘मी’. वाचनालयाचें निमंत्रण हातांत घेणाऱ्या सत्तर वर्षांच्या गृहस्थांना एवढेंच हवें असतें, कीं व्याख्यान किती वाजतां आहे आणि सभागृह तळमजल्यावर आहे कीं जिना चढावा लागेल. मांडणारा प्रतिभावान् आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवतहि नाहीं. ज्या कामांत दुसऱ्याची सोय पाहावयाची, तेथें आपण आपल्या पात्रतेची पाहणी करीत बसतों; विनयाच्या वेषांत अहंकारच पाटावर येऊन बसलेला असतो. हें बोलणें कठोर वाटेल. शंकेनें खरोखर कष्टी होणाऱ्या माणसाला अहंकारी म्हणणें अन्यायाचें होईल, आणि तसें मला म्हणावयाचेंहि नाहीं. लहानपणीं चित्रकलेच्या तासाला ‘तुझा घोडा गाढवासारखा दिसतो’ हें ऐकून ज्याचा हात आखडला, त्याचा दोष काय? माझें म्हणणें इतकेंच, कीं शंकेचें तोंड चुकीच्या दिशेला आहे.

तें तसें असलें म्हणजे कागदावर काय होतें, हें पाहण्यासारखें आहे. नवशिक्याची पत्रिका दरिद्री क्वचितच असते. ती बहुधा श्रीमंत असते. चार कोपऱ्यांत चार वेलबुट्ट्या, पांच तऱ्हांचीं अक्षरें, मथळ्याला सावली, सावलीला सोनेरी कड, मागें फिकट गणपति, आणि उरलेल्या जागेंत फुलें. लोक याला हौस म्हणतात. मला तींत भीति दिसते. मोकळी जागा राहिली तर ‘याला कांहीं सुचलें नाहीं’ असें कोणी म्हणेल, ही भीति. एकाच वळणाचीं अक्षरें वापरलीं तर आपण कांहींच केलें नाहीं असें दिसेल, ही भीति. ज्याला आपल्या कल्पकतेचा भरंवसा नसतो, तोच ती प्रत्येक इंचावर सिद्ध करूं पाहतो. त्याला तीच पत्रिका एकाच रंगांत, एकाच वळणांत, दोनच आकारांत पुन्हां करावयास सांगावें. पहिला अर्धा तास तो अस्वस्थ असतो. अंगावरचें पांघरूण कोणी ओढून घेतलें असें त्याला वाटतें. मग हळूहळू तो प्रश्न विचारूं लागतो : तारीख वर घेऊं कीं वक्त्याचें नांव? विषयाचें नांव लांब आहे, तें दोन ओळींत कोठें तोडावें? ‘प्रवेश विनामूल्य’ हे शब्द खालीं दडले तर लोक येतील का? हे प्रश्न पत्रिकेचे आहेत. ते सुरू झाले कीं पहिला प्रश्न मागें पडतो. त्याचें उत्तर मिळालेलें नसतें, त्याची आठवण राहत नाहीं एवढेंच.

या विद्येचा इतिहासहि प्रतिभेच्या शंकेला फारसा आधार देत नाहीं. लंडनच्या भुयारी रेल्वेचा, जगभर ज्याचें अनुकरण झालें आहे असा, नकाशा हॅरी बेक नांवाच्या माणसानें १९३१ सालीं काढला. तो चित्रकार नव्हता. रेल्वेच्या सिग्नल-खात्यांत त्यानें तांत्रिक आकृत्या काढण्याचें काम केलें होतें. जमिनीखालून जाणाऱ्या उतारूला वरच्या रस्त्यांचीं वळणें आणि खरीं अंतरें यांच्याशीं काय कर्तव्य? पुढचें स्थानक कोणतें आणि गाडी कोठें बदलावयाची, एवढेंच त्याला हवें. म्हणून बेकनें सर्व मार्ग उभे, आडवे अथवा ४५ अंशांत तिरपे केले आणि मध्यभागींची गर्दी ऐसपैस करून दाखविली. अधिकाऱ्यांनीं तो नकाशा प्रथम फार क्रांतिकारक म्हणून नाकारला. १९३२ सालीं थोड्या स्थानकांवर ५०० प्रती ठेवून पाहिल्या. आणि १९३३ च्या आरंभीं सात लक्ष प्रती छापल्या. आपण जिला कल्पकता म्हणतों ती यांत निःसंशय आहे. पण ती बसली आहे कोठें? उतारूचा विचार करण्यांत. आणि त्यानंतरहि पाव शतकाहून अधिक काळ बेक त्याच नकाशांत दुरुस्त्या करीत राहिला. आपल्याकडे जावजी दादाजी यांचें शालेय शिक्षण फारसें झालें नव्हतें. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्यापासून त्यांनीं सुरुवात केली, आणि १८६९ सालीं निघालेल्या त्यांच्या निर्णयसागर छापखान्यानें सुबक देवनागरी पान म्हणजे काय, तें कित्येक पिढ्यांना दाखविलें. त्या अक्षरांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचें नांव तर पुष्कळांना ठाऊकहि नसतें.

येथें एक आक्षेप संभवतो. अशा विचारानें कलेला केवळ सोयीच्या पातळीवर आणून बसविल्यासारखें होत नाहीं काय? उतारूची सोय पाहणारा प्रत्येकजण बेक कां होत नाहीं? आक्षेप खरा आहे. दलालांच्या रेषेंत जें आहे तें शिकवणीनें येणार नाहीं, हें मान्य करावयास संकोच कशाला? पण आपल्या काव्यशास्त्रानें या बाबतींत फार शहाणपणा दाखविला आहे. मम्मटानें शक्ति, निपुणता आणि अभ्यास हीं काव्याचीं तीन वेगळालीं कारणें न मानतां तिहींचें मिळून एकच कारण मानलें. दण्डी तर याहूनहि उदार. जन्मजात प्रतिभा नसली तरी अध्ययनानें आणि यत्नानें उपासिलेली वाणी कांहींतरी अनुग्रह करतेच, असें आश्वासन तो ‘काव्यादर्श’ ग्रंथांत देतो. त्यांतील ‘कांहींतरी’ मला फार प्रामाणिक वाटतें. प्रत्येकाला महाकवि करून सोडीन असें तो म्हणत नाहीं. निमंत्रणपत्रिका मांडावयास शिकणाऱ्याला त्या ‘कांहींतरी’पेक्षां अधिक लागतहि नाहीं, आणि तें किती निघेल हें आधीं मोजण्याचें माप कोणाजवळच नाहीं.

मग सुरुवात कोठें करावी? अक्षर शिकतांना केली तेथेंच : कित्ता गिरवून. एखादें चांगलें पान समोर ठेवावें, पट्टीनें त्याचे समास मोजावे, मथळा मजकुराच्या किती पट आहे तें पाहावें, आणि आपला मजकूर घेऊन तसेंच पान मांडावें. पुष्कळांना यांत चोरीची शंका येते. नक्कल अभ्यासासाठीं केली आणि घरांत राहिली तोंवर तो अभ्यास. तिच्यावर आपलें नांव घालून ती बाजारांत नेली म्हणजे चोरी. सीमारेषा इतकी स्वच्छ असतां, नक्कल नको म्हणून कांहींच न करणारा माणूस नीतीपेक्षां आळसाच्या अधिक जवळ असतो. आजकाल एका वाक्याच्या आज्ञेवर यंत्र दहा चित्रें पुढें टाकतें, त्यामुळें आपल्या हाताला आतां काय किंमत राहिली, असेंहि कित्येकांना वाटूं लागलें आहे. परंतु त्या दहांतील कोणतें आपल्या वाचकाच्या कामाचें, हें ओळखावें लागतेंच. आणि स्वतः अक्षरें हलवून पाहिल्याशिवाय ती ओळख होत नाहीं, असा माझा तरी समज आहे.

शंका अजिबात नसावी, असें मात्र मी म्हणणार नाहीं. ७ नोव्हेंबर २००० रोजीं अमेरिकेंत अध्यक्षाची निवडणूक झाली. फ्लोरिडा राज्यांतील पाम बीच परगण्यांत उमेदवारांचीं नांवें समोरासमोरच्या दोन पानांवर छापलेलीं आणि मत देण्यासाठीं पाडावयाचीं भोंकें मधोमध, अशी मतपत्रिका वापरण्यांत आली. हेतु उत्तम होता : वृद्ध मतदारांना वाचतां यावें म्हणून अक्षरें मोठीं ठेवावयाचीं होतीं. पण डाव्या पानावर गोर यांचें नांव दुसरें असतां त्यांचें भोंक तिसरें होतें. दुसरें भोंक उजव्या पानावरील ब्यूकॅनन यांचें. ब्यूकॅनन यांना त्या परगण्यांत कोणाच्या कल्पनेंत नव्हतीं इतकीं, तीन हजारांवर, मतें पडलीं. एकाहून अधिक भोंकें पडल्यामुळें १९ हजारांहून अधिक मतपत्रिका वायां गेल्या. आणि सबंध राज्याचा, व त्याबरोबर देशाच्या अध्यक्षपदाचा, निकाल अवघ्या ५३७ मतांनीं लागला. ही मांडणी करणाऱ्यांत कल्पकता कमी होती असें कोणी म्हणणार नाहीं. सद्भाव तर भरपूर होता. उणीव होती ती एका शंकेची : हें पाहून म्हाताऱ्या माणसाचा हात नेमका कोठें जाईल?

प्रतिभेच्या शंकेला जन्मभर उत्तर मिळत नाहीं. हिला पांच मिनिटांत मिळतें. पत्रिका छापावयास देण्यापूर्वीं शेजारच्या आजोबांच्या हातीं द्यावी. ‘कशी झाली आहे?’ असें विचारूं नये. ते प्रेमानें ‘छान’ म्हणतील आणि आपण पुन्हां जेथल्या तेथें. ‘आजोबा, व्याख्यान किती वाजतां आहे?’ एवढें विचारावें आणि गप्प राहावें. ते चष्मा पुसतील, पत्रिका दूर धरतील, जवळ घेतील. बोटानें दाखविण्याचा मोह आवरावा. त्यांची दृष्टि आधीं कोठें जाते, कोठें अडखळते, तें पाहावें. चार कोपऱ्यांतील वेलबुट्ट्यांकडे ती बहुधा एकदांहि जात नाहीं.