चादरीची चार टोकं

शांत बसा. पाठ टेकली तरी चालेल. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

मग बहिणीचा चेहरा आठवा. भांडणाच्या दिवशीचा नको, त्याच्या आधीचा. ती साताऱ्यात असेल, तुम्ही सांगलीत. मधे सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता आणि बहुधा एक कागद. आपल्याकडे पुष्कळदा ते हक्कसोडपत्र असतं. एकीनं मुकाट सही केली, दुसरीनं नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. हिस्सा घ्यायचा की माहेर राखायचं, हा पेच मात्र घरात तसाच राहिला. त्या सहीपाशी थोडं थांबा. कोण बरोबर होतं, ते आज ठरवायचं नाही.

आता आईची खाट पाहा. लकवा मारलेलं अंग. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते, बेडसोर धरतो. ओढून सरकवायचं नाही, कातडी घासते. अंगाखाली आडवी चादर घालायची, दोन्ही कडा गुंडाळून घट्ट धरायच्या आणि एकदम उचलायचं. एकटीनं हे धड होत नाही. मनात सावकाश करून पाहा. तुमच्या मुठी, आई, पलीकडे तिच्या मुठी.

"ताई, धरलंस?"

"धरलं. उचल."

बोलणं तेवढंच. दोघींचा श्वास एकदमच अडतो, एकदमच सुटतो.

माफीबिफी अजून कुणी मागितलेली नाही. मला तर वाटतं, तिची घाईही नसावी. रात्रीचं औषध कोण देणार, ते आधी ठरवावं.

कऱ्हाडचा प्रीतिसंगम डोळ्यांपुढे आणा. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या. एक वाईवरून येते, एक पाटणवरून, आणि इथं अगदी समोरासमोर भेटतात. पण कोयना सगळी येत नाही. पाणीवाटप लवादानं तिचं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला, पोफळीकडच्या वीजघरांसाठी वळवायला मुभा दिली. उरलेलं संगमावर पोचतं, आणि पुढं सांगलीला तेच जातं.

ताईही अशीच येईल. नवऱ्याचं पथ्य, मुलाची परीक्षा, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, यांतून उरेल तेवढी. शनिवारच्या एसटीनं येणार, सोमवारी परतणार. ‘एवढ्यात निघालीस?’ हे जिभेवर आलेलं जाणवेल. जाणवू द्या, बोलू नका. गोळ्यांचा डबा कुठं आहे ते तिला दाखवा आणि रविवारी दुपारी तुम्ही झोपा. कूस बदलायची वेळ झाली की ती हाक मारेल.